दोन डाव्या बाह्या

मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. सोळा वर्षं नकाशाचं प्रमाण पोरांच्या डोक्यात घालतेय, त्यामुळं एखाद्या कागदावर ‘प्रमाण एकास चार’ असं लिहिलेलं दिसलं की पुढचं मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. सगळं रामायण त्या समजापायी घडलं.

वही माळ्यावर सापडली. दसऱ्याची झाडलोट चालली होती. गोधड्यांच्या ट्रंकेत अगदी तळाशी, चित्रकलेच्या वहीएवढी मोठी, निळ्या पुठ्ठ्याची. वर दौतीच्या शाईनं वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘कु. शांतव्वा कोरी. शिवण व कर्तन. १९७६.’ आत पानापानावर त्या काळचे कपडे. बेलबॉटम, मिडी, लांब टोकांच्या कॉलरचा शर्ट, आणि जमिनीपर्यंत लोळणारी, फुगीर बाह्यांची मॅक्सी. नुसती चित्रं नव्हेत. प्रत्येक कपड्याचे सगळे भाग पतंगाच्या रंगीत कागदातून बारके बारके कापून चिकटवलेले, आणि कडा अशा सफाईच्या की पन्नास वर्षांत एक कोपरा उचकटला नव्हता. खाली मापं आणि ‘प्रमाण एकास चार’. शेवटच्या पानावर लाल शाईत ‘प्रथम क्रमांक’ आणि शिकवणाऱ्या बाईंची सही.

शांतव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर गडहिंग्लजचं, तिकडच्या रीतीनं आम्ही त्यांना अत्ती म्हणतो. अत्तींचा शिवणात पहिला नंबर आला होता, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. लग्नात त्यांच्याबरोबर पायमशीन आलं होतं. आणि लग्नानंतर चौथ्याच दिवशी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, “आमच्या घरातल्या बायका दुसऱ्याची कापडं शिवत न्हाईत.” तेव्हापासून मशीन झाकलं ते आजतागायत. त्यावर प्लास्टिकचं आच्छादन, आच्छादनावर मिक्सर. अठ्ठेचाळीस वर्षं.

वही हातात घेतली आणि माझं टाळकं सटकलं. अत्ती साधं बटण तुटलं तरी गुंडू टेलरकडे पाठवायच्या. साडीचा फॉल त्याच्याकडे, उशीचा अभ्रा त्याच्याकडे. इतकी वर्षं मला तो आळस वाटायचा. आता कळलं की ते व्रत होतं. ज्या बाईनं हे कागद कापले तिनं पुन्हा म्हणून सुईला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

दुपारी जेवताना मी मामांना धरलं.

“मामा, तुम्ही एका कलाकाराची माती केलीत.”

मामा बहात्तर वर्षांचे. उचगावात त्यांचं खता-बियाणांचं दुकान आहे, ते आता माझा नवरा सोमशेखर बघतो. आयुष्यात त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“मी काय केलं?”

मी वही त्यांच्या ताटाशेजारी उघडून ठेवली. मामांनी मॅक्सीचं पान बघितलं, मग चष्मा लावून पुन्हा बघितलं.

“हे तू केल्यालं व्हय गं?” त्यांनी अत्तींना विचारलं.

अत्ती भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं, वही बघितली, आणि भाकरी परातीत तशीच राहिली.

“जुनं काय काय उकरून काढतीस गं, विद्या,” त्या म्हणाल्या. “ठिव जा माळ्यावर.”

आवाज एकदम बारीक झाला होता. बाईला अजून सोसवत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं. गल्लीतल्या महिला मंडळाचा दिवाळीच्या आधीच्या रविवारी ‘जुना जमाना’ नावाचा कार्यक्रम होता. सगळ्यांनी सत्तर-ऐंशी सालातले कपडे घालून यायचं. मी ही मॅक्सी स्वतः शिवणार, घालून स्टेजवर जाणार आणि माइक घेऊन सांगणार की ही आमच्या अत्तींची कला. बाईचं राहून गेलेलं कौतुक एकदा तरी चारचौघांत झालं पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं. आजवर मी रुमालसुद्धा शिवला नव्हता, पण ही अडचण मला तेव्हा किरकोळ वाटली.

कागद चौपट करायचे होते. झेरॉक्सवाल्याच्या मशीनला एवढं मोठं झेपेना. त्यानं मला फ्लेक्स छापणाऱ्या डिजिटलवाल्याकडे पाठवलं. आमच्याकडे माणसाच्या वाढदिवसाला, म्हशीच्या वाढदिवसाला, पोरगं दहावीला काठावर पास झालं तरी चौकात फलक लागतो, त्यामुळं काहीही मोठं करायचं झालं की डिजिटलवाल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या चौकातला डिजिटलवाला आदर्श हा मंडळाच्या अध्यक्षा प्रियदर्शनीवहिनींचा दीर.

“किती बाय कितीचा काढू, मॅडम?” त्यानं विचारलं.

“एकास चार.”

“फोटो कुणाचा टाकायचा?”

“फोटो नाही. फक्त हे कागद मोठे करायचे.”

“आणि शुभेच्छुक?”

मी त्याला नकाशाचं प्रमाण समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर छापलेली अख्खी मॅक्सी गुंडाळी करून माझ्या हातात दिली. मागच्या भागावर, कमरेच्या जरा खाली, त्याच्या दुकानाचा फोन नंबर होता. सवयीनं पडला, म्हणाला.

वही बघून मात्र तो हरखला होता. शेवटच्या पानाचा फोटो त्यानं वहिनींना पाठवला, वहिनींनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि एका शिवणक्लासातला पहिला नंबर दोन दिवसांत जिल्ह्यातला पहिला झाला. ‘जुना जमाना’त अत्तींचा सत्कार करायचा ठरला. चौथ्या दिवशी चौकात फलक लागला. एका बाजूला अत्तींचा आमच्या लग्नातला फोटो, दुसऱ्या बाजूला पायमशीन, वर ‘शिवणकलेची महाराणी’, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सबंध गल्ली.

मी खूश. अत्ती मात्र घराबाहेर पडायच्या बंद झाल्या. भाजीलासुद्धा मला पाठवायला लागल्या.

“संकोच वाटतोय त्यांना,” मी सोमशेखरला म्हटलं.

“आईला? संकोच?” तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं. पुरुषांना घरातलं काही कळत नाही, हे माझं मत आणखी पक्कं झालं.

मामांचा मात्र पार नूर बदलला. रोज सकाळी चौकात जाऊन फलक बघून यायचे. एकदा मी कॉलेजला निघाले होते, तर मामा दुकानातलं स्टूल आणून त्यावर उभे, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं अत्तींच्या तोंडावरची धूळ पुसताहेत. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून त्यांनी मशीनचा नवा पट्टा आणला, तेल आणलं, मिस्त्री बोलावून मशीन चालू करून घेतलं. मिक्सर ओट्यावर गेला. ज्या माणसानं जन्मात गॅस पेटवला नव्हता तो सकाळचा चहा करायला लागला. आणि एक दिवस अत्तींसमोर उभे राहून म्हणाले, “शिव आता. तुला कोन आडवत न्हाय.”

अत्तींनी मशीनकडे बघितलं. “आता काय माझं वय हाय व्हय,” असं म्हणून त्या देवघरात जाऊन बसल्या. मला भरून आलं.

कापड मी महाद्वार रोडवरून आणलं. पिवळ्यावर मोठी तांबडी फुलं, एका बाजूनं छापलेली. “पडद्याला का?” दुकानदारानं विचारलं. मी नाही म्हटलं नाही, उगीच वाद कशाला. घरी येऊन पुढच्या सोप्यात कापड अंथरलं, त्यावर फ्लेक्सचे तुकडे मांडले आणि अत्तींना हाक मारली. त्या दारातच थांबल्या.

“अत्ती, शिलाईसाठी कापड किती जास्तीचं सोडायचं?”

“पुरंल एवढं.”

“म्हणजे किती?”

“कमी पडू ने एवढं.”

“आणि इथं पुढच्या भागावर ‘घडीवर’ असं लिहिलंय, ते काय?”

“घडी घातली की घडीवर हुतंय,” अत्ती म्हणाल्या आणि दूध बघायला गेल्या.

मी हे सगळं कागदावर टिपून घेतलं. जाणकार माणसं मोजकंच बोलतात, आपण समजून घ्यायचं असतं, असा मी विचार केला. कापडाला घडी न घालताच कात्री चालवली. कापून झाल्यावर बघते तर पुढचा भाग अर्धाच निघालेला, एका खांद्याचा. तो अत्तींपुढं धरला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला.

“दुसरा अर्धा काप की,” त्या म्हणाल्या.

एवढं सोपं मला सुचलं नव्हतं. माझा आदर वाढला.

मशीननं माझ्यावर डूख धरला होता. पायडल दाबलं की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. दोन सुया मोडल्या, तिसरी बोटात गेली. वर्गात मी मान्सूनचे वारे शिकवायची आणि लक्ष बॉबिनमध्ये. एकदा फळ्यावर अरबी समुद्राच्या जागी मी चक्क गळ्याचा आकार काढला आणि पोरांनी तो वहीत उतरवूनही घेतला. तीन आठवड्यांत दोन खांदे, दोन बगला, खालचा घेर आणि डावी बाही एवढं उभं राहिलं. उजवी बाही नुसती टाचण्यांनी टोचून ठेवली होती. अत्ती जाता-येता बघायच्या, “बरं दिसतंय” म्हणायच्या आणि पाऊल न थांबवता पुढं जायच्या.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला. शनिवारी दुपारी मी कॉलेजातून आले आणि मॅक्सी घालून बघायचं ठरवलं. वहीत मापं लिहिली होती, छाती बत्तीस. ती मी वाचली होती. मी स्वतः अडतीस आहे, हेही मला ठाऊक होतं. फक्त ह्या दोन आकड्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची राहिली होती.

डोकं आत गेलं. हात आत गेले. मग बगलेत सगळं अडकलं, ना वर ना खाली. दोन्ही हात आभाळाकडे, तोंडावर पिवळं कापड, उजव्या खांद्यात टाचण्या रुतताहेत, अशी मी सोप्यात उभी. मामा चौकात फलकाकडे गेलेले, सोमशेखर दुकानात. मी अत्तींना हाक मारली.

पावलं आली आणि माझ्यासमोर थांबली.

“अत्ती, वरनं ओढा जरा.”

“उसवंल की.”

“उसवू दे.”

अत्तींनी ओढलं नाही. मग त्यांचा आवाज खालून आला, म्हणजे त्या पाटावर बसल्या असाव्यात.

“विद्या, तुला मी दिसतीय का?”

“नाही.”

“बरं हाय. तशीच ऱ्हा. मला कायतरी सांगायचंय, आनि तुझ्या तोंडाकडं बघून सांगायला मला धीर हुईना.”

मी तशीच राहिले. दुसरा इलाजही नव्हता.

“ती वही मी केल्याली न्हाय. मला शिवता येत न्हाय. तवाबी येत न्हवतं.”

मी हात खाली घ्यायला बघितले. टाचणी आणखी आत गेली.

“क्लासात आमी तिघी हुतो,” अत्ती सांगू लागल्या. “एकीचं लगीन ठरलं, ती गेली. ऱ्हायलो मी आनि बायडा. बायडाबाई. खेड्यातनं चालत यायची पोरगी, संगं भाकरी नसायची. मी घरनं दोघींचा डबा न्यायची. ती जेवायची आनि माझे कागद कापायची. माझ्या हाताला कात्री कधी वळलीच न्हाय. माझी वही पुरी केली तिनं, नावसुदिक तिनंच घातलं. त्यात तिची सवताची वही निम्मी ऱ्हायली. नंबर माझा आला.”

“आणि परीक्षा?”

“रुमालाला दुमड घालायची हुती. बाई च्या प्यायला गेल्या, तेवढ्यात तिनं घातली.”

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. अत्ती तो लांब जाईपर्यंत थांबल्या.

“माझं लगीन ठरलं ते त्या नंबरावर. माझ्या सासूला शिवनारी सून पायजे हुती. मशीन दारात आलं. मी म्हनायची, आज मला पोलकं शिवाय लावतील, उद्या लावतील. चार दिस जेवन गेलं न्हाय. आनि चौथ्या दिशी तुझे मामा म्हनाले, आमच्या घरातल्या बायका दुसऱ्याची कापडं शिवत न्हाईत. यव्वा, त्या दिशी मी देवापुढं साखर ठेवली.”

“पण ते दुसऱ्याच्या कपड्यांचं बोलले होते, अत्ती.”

“व्हय. घरचीबी मीच त्यात धरली. सासूला वाटलं सून रुसलीया. पुन्हा कुनी इचारलंच न्हाय.”

मी कापडाच्या आत तोंड उघडं टाकून उभी. तीन आठवडे मी त्या म्हाताऱ्या माणसाला ताटावर बसू दिलं नव्हतं. तीन आठवडे मी ह्या बाईची कणव करत होते. सगळा संताप डोक्यात गेला आणि डोकं तर पिशवीत.

“अत्ती, आधी मला ह्यातनं काढा,” मी म्हटलं. “मला तुमच्यावर रागवायचंय आणि असं हात वर करून रागावता येत नाही.”

त्यांनी कात्री आणली. बगलेच्या शिलाया कापल्या, मी बाहेर आले आणि रागावले.

“मामा रोज चहा करताहेत. स्टुलावर चढून तुमचं तोंड पुसताहेत. तुम्ही बोलला का नाहीत?”

“कवा बोलू?” अत्ती म्हणाल्या. “तू बोलायची थांबलीस कवा?”

फलक लागला होता, मानपत्र छापून आलं होतं, उद्या चारला शाल पडणार होती. मी जरा वेळ येरझाऱ्या घातल्या आणि मलाच एक सोपी वाट दिसली.

“जाऊ दे,” मी म्हटलं. “गुंडू टेलरकडे टाकू. उद्या दुपारपर्यंत नीट करून देईल. कुणाला कळणार नाही.”

अत्ती उसवलेलं कापड गोळा करत होत्या.

“बायडाचं केल्यालं माझं म्हनून जलमभर मिरवलं,” त्या म्हणाल्या. “आता गुंडूचं मिरवू? त्या नंबरावर बायडाला कुठंतरी शिवनबाईची नोकरी लागली असती गं. तिला हातकणंगल्याला दिली, एवढंच मला ठाव हाय. मी पुन्हा तिच्या वाटंला गेले न्हाय. काय तोंडानं जाऊ?”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अत्तींना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. राग अजून होताच, पण त्याच्याजोडीला वाईटही वाटायला लागलं. मी कापडाचं दुसरं टोक धरलं.

रविवारी सकाळी आठला आम्ही दोघी मशीनपुढं बसलो. बगलेत घालायला पट्ट्या पाहिजे होत्या. त्या खालच्या घेरातून कापल्या, त्यामुळं मॅक्सीची मिडी झाली. मी एक बगल घातली, दुसरी घातली. मग अत्ती म्हणाल्या, “उजवी बाही मला दे.”

अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा त्या पायडलवर मनापासून पाय ठेवला. जीभ दातांत धरलेली. टीप कधी कापडावर पडायची, कधी कापडाबाहेर. एका जागी त्यांनी बाही गळ्यालाच जोडली. उसवली. पुन्हा घातली. पुन्हा उसवली. “दे, मी घालते,” असं मी म्हटलं तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. दोन तास गेले. मधे मामा चहा घेऊन दारात आले आणि अत्तींना मशीनवर बसलेलं बघून कपबशी धरूनच उभे राहिले.

“बघ,” ते हळूच माझ्या कानाशी म्हणाले, “हात इसरला न्हाय तिचा.”

मी भिंतीकडे बघितलं.

अकराला मिडी अंगात गेली. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बाही मागून ओढत होती. अत्तींनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, ह्या बाहीवरून बोट फिरवलं, त्या बाहीवरून फिरवलं.

“दोन्ही डाव्या हायत,” त्या म्हणाल्या.

खरंच होतं. एकाच छाप्यावरून, कापडाची एकच बाजू वर ठेवून, मी दोन्ही बाह्या कापल्या होत्या. छापा एकदा पालथा घालायचा असतो. भूगोलात नकाशा पालथा घालायची वेळ येत नाही. आणि आता वीतभरसुद्धा कापड उरलं नव्हतं.

“चालतंय,” अत्ती म्हणाल्या. “हात वर करू नगंस.”

निघताना मी त्यांना बजावलं. “स्टेजवर नुसता नमस्कार करा, शाल घ्या, खाली या. नंबराचं आता कुणाला सांगायची गरज नाही.”

“बघू,” अत्ती म्हणाल्या.

हॉल भरलेला होता. निम्म्या बायकांनी नवऱ्यांचे जुने गॉगल घातले होते, प्रियदर्शनीवहिनींनी डोक्यावर उंच बुचडा बांधला होता. मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, शेजारी सोमशेखर. मला स्टेजवर गोल फिरवलं. पिवळी मिडी, बगलेत पट्ट्या, छातीवर मधोमध उभी शिवण. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी डाव्याच हातानं सगळ्यांना हात केला.

मग वहिनींनी मानपत्र वाचलं. त्यात जिल्ह्यातला पहिला नंबर होता, जन्मजात कला होती, संसारासाठी केलेला त्याग होता. अत्ती खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या. वहिनींनी शाल उलगडली, तेवढ्यात मामा उठले. माइक मागून घेतला.

“मी शिवलिंग. हिचा मालक,” ते म्हणाले. “हिच्या हातातली कला मी अठ्ठेचाळीस वर्सं झाकून ठेवली. सुनंनं माझं डोळं उघडलं. आज सकाळी हिला मशीनवर बघितलं आनि मला रडू आलं. चारचौघांत सांगतो, माझं चुकलं. मला माफ कर, शांता.”

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हे सगळं मीच घडवून आणलं होतं, जसं पाहिजे होतं तसंच, आणि मला ते क्षणभर सोसवेना.

अत्ती उठल्या. पुढं येऊन त्यांनी मामांच्या हातातला माइक घेतला.

“तुमचं काय चुकल्यालं न्हाय,” त्या मामांना म्हणाल्या. “ती वही माझी न्हवं. बायडाबाई म्हनून माझी मैतरीन हुती, सगळी तिनं केली. नंबर तिचा. त्या फलकावर फोटू तिचा पायजे हुता. मला शिवता येत न्हाय, आनि तुमी नगं म्हनला तवा मी खूश झालते. एवढी वर्सं लपवलं. ते चुकलं, ते माझं.”

वहिनींच्या हातात शाल तशीच उलगडलेली. मामा अजून उभेच होते.

“मग मी तीन आठवडं च्या कशापायी करत हुतो?” त्यांनी विचारलं.

“चांगला हुतोय,” अत्ती माइकवरच म्हणाल्या. “करत जावा.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. सोमशेखर तर खुर्चीवरून घसरायचा राहिला. मामा खाली बसले, आणि त्यांच्या तोंडावर मला राग दिसेना. एवढ्या दिवसांचं ओझं उतरलेला माणूस जसा बसतो तसे ते ऐसपैस बसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. मानपत्राला फ्रेम केलेली होती.

“मग आता सत्कार कशाचा करायचा, काकू?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं.

अत्तींनी माझं कोपर धरून मला पुढं ओढलं.

“ह्या कापडाच्या दोन्ही बाह्या डाव्या हायत,” त्यांनी सांगितलं. “कापायला ही चुकली. त्यातली ही उजव्या हातातली मी जोडलीया, आज सकाळी, दोनदा उसवून. तेवढी माझी हाय. तेवढ्याचा करायचा तर करा.”

सगळ्यांना दिसावी म्हणून मी उजवा हात वर केला. तो खांद्यापर्यंत गेला आणि तिथं अडला. मी आणखी जोर लावला, पण अत्तींची टीप काही सुटली नाही.